हौसाबाईची खळ

हौसा, तू गेलीस तेव्हा तुझ्या अंगावर माझं वाघाचं ब्लँकेट होतं. आधी हेच सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिलं भांडण ह्यावरूनच झालं असतं. तुला थंडी भरली, मी हाताशी आलं ते टाकलं, आणि हाताशी नेमकं ते आलं. पेणच्या बाजारातलं, लालभडक, मधोमध जबडा वासलेला वाघ. तू डोळे उघडून वाघाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मंदे, येवढी का मी तुला जड झाले?" हे तुझं शेवटचं धड वाक्य. पुढचे दोन दिवस तू बोललीस ते तापात, मेंढरांशी.

आज अकरा दिवस झाले. मी रडलेले नाही. शेजारणीने विचारलंच, "काय गो मंदाताय, येवढी तुझी जिवाची, आन् डोळ्यात टिपूस नाय?" मी म्हटलं, येत नाय तर विकत आणू काय? ती गप्प झाली. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना गप्प बसवलंय, मोठी माणसं त्यापुढे सोपी. पण मला गप्प बसवायला कोणी नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तशी अडचण काही नाही.

आपली ओळख लेंड्यांवरून झाली. चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण खरं ते खरं. भातकापणी उरकली की तुम्ही धनगर मंडळी घाट उतरून खाली यायचात. रिकाम्या खाचरात मेंढरं बसवायची, जमिनीला खत मिळायचं, तुम्हाला भात मिळायचं. तुझा नवरा आमच्या ह्यांच्याशी बोलणी करायचा आणि तू बांधावर बसून सूत कातायचीस. बोलताना, चालताना, शिव्या देताना, तुझा हात थांबलेला मी पाहिला नाही. पुढे तुझा नवरा गेला, मेंढरं तुझ्या लेकाने वर देशावर सांभाळायला घेतली, आणि तू म्हणालीस, आता घाट चढणं माझ्यानं व्हायचं न्हाई. आमचा गोठा रिकामाच होता. तू तिथे राहिलीस, आणि चौथ्याच दिवशी त्यात घोंगड्यांचा माग बसवायला खड्डा खणायला घेतलास. आमचे हे ओरडत आले, "गोठ्यात खड्डा कशाला? कोणाला पुरायचाय?" तू मान वर न करता म्हणालीस, "लई बोललासा तर तुमास्नीच."

त्या दिवसापासून ते तुझ्याशी जपून बोलायचे.

लोकर हा माझा विषय नव्हे. आमच्याकडे ना लोकरीची गरज, ना हौस. इथे थंडी पडते ती चार दिवस, तीही पाहुणीसारखी. पण वर घाटावर लोकरीला कोणी विचारीनासं झालं होतं. खाली आलेले मेंढपाळ इथेच मेंढरं कातरायचे आणि लोकर बांधावर टाकून निघून जायचे. ती वाऱ्याने उडायची, कुंपणाला अडकायची, कुत्री तिच्यावर झोपायची. तू ते पाहिलंस की अंगात यायचं तुझ्या. पोरांना बोलवून ती गोळा करायला लावायचीस आणि त्या मेंढपाळांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस. "देवानं मेंढराच्या पाठीवर पीक दिलंय, आन् ह्ये भाडखाव टाकून द्यायलेत." मी म्हणायचे, "अगो, नाय खपत तर काय करतील? लोकांना हलकं लागतं, धुवायला सोपं लागतं. माझं ब्लँकेट बघ, मशीनमधी टाकलं की झालं." तू म्हणायचीस, "मशीन येनार का तुज्यासंगं खळ्यावर निजाया?" मी म्हणायचे, "घोंगडी टोचते." तू म्हणायचीस, "टोचती म्हनून तर कळतं, अंगावर कायतरी हाय."

हा वाद आपण सोडवलाच नाही. मला अजूनही वाटतं की घोंगडी टोचते.

काम मात्र तुझ्याकडून शिकले, अर्धंमुर्धं. लोकरीतली कुसळं वेचायची, ती धुवायची, उन्हात वाळवायची, मग धनुकलीवर पिंजायची. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून चरख्यावर सूत. सूत झालं की अंगणभर उभ्या धाग्यांचा ताणा लावायचा आणि त्याला खळ द्यायची. खळ म्हणजे तुझं राज्य. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्याची पेज शिजवायची, आणि ती मुळांच्या कुंच्याने ताण्यावर फिरवायची, म्हणजे सूत मागावर तुटत नाही. त्या पेजेत तू एक चिमूट मीठ टाकायचीस. ही तुझ्या आईची रीत. मीठ टाकलं की सूत कडक होऊन तडकत नाही, मऊ राहतं, असं तू सांगायचीस. किती मीठ, विचारलं तर चिमूट नाकासमोर धरून म्हणायचीस, "येवढं." मला ते कधी जमलं नाही. जमावं असं वाटलंही नव्हतं, मला नुसतं तुझ्याशेजारी बसायला आवडायचं. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आपल्यात तशी पद्धत नव्हती.

पेणच्या गणपतीच्या कारखान्याची कल्पना माझी. तेवढं श्रेय मी घेणारच. मूर्ती रंगवून झाल्या की विकल्या जाईपर्यंत फळ्यांवर झाकून ठेवतात, आणि दमट दिवसांत प्लास्टिकखाली त्यांना घाम फुटतो, रंग सुटतो. तो कारखानदार माझ्या ओळखीचा, त्याची पोरं माझ्या हाताखालून गेलेली. मी म्हटलं, हौसाच्या घोंगड्या टाकून बघ. त्याने चार नेल्या, हसतच. गणपती झाल्यावर स्वतः गोठ्यात आला आणि तुझ्या समोर मांडी घालून बसला. "मावशी, जिथं तुमची घोंगडी होती त्या फळीवरची एकबी मूर्ती नासली नाय. पुढच्या साली सगळ्या फळ्यांना पुरतील येवढ्या करा." तू नुसतं "व्हय" म्हणालीस. तो गेल्यावर मात्र तू उठलीस, गोठ्यातल्या गोठ्यात दोन फेऱ्या मारल्यास आणि म्हणालीस, "मंदे, देवाच्या अंगावर गेली गं माजी लोकर." तुला तसं आनंदलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या पहिल्या साली लोकर धुवायला आपण दोघी रोह्याला गेलो होतो. फाल्गुनात इकडचे ओढे आटतात, पण तिथल्या कुंडलिका नदीला वरून धरणाचं पाणी येतं, ती बारा महिने वाहते, गोडी. तू म्हणालीस, लोकर धुवायची तर वाहत्या गोड्या पाण्यात, न्हाईतर धुवूच ने. आपण पेणहून रोह्याच्या गाडीत पोती चढवली. डब्यात मेंढरांचा वास सुटला. एकाने नाकाला रुमाल लावून विचारलं, "काय आहे ह्यात?" तू म्हणालीस, "मेंढरं हायती, दादा. तिकीट वाचवाया उघडी करून नुसते कपडे आनलेत." सगळा डबा हसला. मीही हसले.

रोह्याला उतरलो, मी डोक्यावर पोतं घेतलं, आणि समोर माझी विहीण उभी. माझी सुजाता रोह्याला दिलेली, तुला माहीत आहेच. विहीणबाईंनी मला पायापासून पोत्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, मेंढरं पाळलीत की काय? ओळखलंच नाही हो, म्हटलं कोण धनगरीण चालल्ये." तू पटकन म्हणालीस, "हिनं न्हाई पाळली, आमी हिला पाळलीया." तू ते हसण्यावारी नेलंस. मला हसू आलं नाही. माझे कान तापले. पुढे महिनाभर सुजाताच्या घरी ती गंमत चालली होती, जावईसुद्धा फोनवर "काय, मेंढरं कशी आहेत?" म्हणायचे.

आता इथून पुढचं तुला माहीत नाही.

दुसऱ्या साली तुझा गुडघा सुजला होता. तू म्हणालीस, "मंदे, तू एकटी जाशील न्हवं रोह्याला?" मी म्हटलं, व्हय, त्यात काय. भाच्याच्या टेंपोत पोती टाकली, आणि रोह्याच्या रस्त्याला न लागता खाडीच्या अंगाला वळायला सांगितलं. तिथे माझी मावसबहीण राहते, तिच्या घराखाली नदी खाडीला मिळते. मी पाण्याची ओंजळ तोंडात घेऊन पाहिली. गोड होतं. शपथेवर सांगते, गोड होतं. पोती दोरीने बांधली, दगड लावून तळाला सोडली, म्हणजे रात्रभर भिजून मळ सुटेल, आणि बहिणीकडे जाऊन जेवले. सकाळी काढली, खळबळली, बांधावर पेंढा पसरून दोन दिवस वाळवली. घरी आले तेव्हा तू दारातच बसली होतीस. विचारलंस, "कुंडलिकेलाच न्हवं?"

मी म्हटलं, "मग कुठे? सुजाताकडे राहिले की दोन दिवस."

इतकं सहज बोलले, हौसा. तुला वाटेल घाबरत बोलले असेन. नाही. मला ते खोटंसुद्धा वाटलं नाही. पाणी ते पाणी, असं माझं म्हणणं होतं. आणि त्या स्टेशनवर ते पोतं घेऊन मला पुन्हा दिसायचं नव्हतं. तुझ्या शेजारी बसायला मला लाज नव्हती, पण कोणी मला तुझ्यातली समजावं ह्याची होती. हे वाक्य लिहायला मला एक अख्खी दुपार लागली.

तू तीन महिने राबलीस. पाठ मोडेपर्यंत मागावर बसलीस. घोंगड्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत झाल्या, तेव्हा कशातच काही दिसलं नाही. एकदा कातताना तू म्हणाली होतीस, "हाताला जरा येगळीच लागती गं." मी म्हटलं, मेंढरं वेगळी असतील. कारखानदार येऊन घेऊन गेला, फळ्या झाकल्या. हवा दमट झाली आणि त्या घोंगड्या पाणी ओढायला लागल्या. वरून एक थेंब पडलेला नाही आणि त्या आपल्या ओल्याचिंब. मूर्तींच्या मुकुटाचा रंग सुटला, सोंडांवर लोकरीचे केस चिकटले. कारखानदार भला माणूस, आवाज चढवला नाही. घोंगड्या परत आणून ठेवल्या आणि म्हणाला, "मावशी, खळीत कायतरी बिघडलं असंल. माझी रंगाची माणसं परत बसवलीत मी, होईल नीट. पण आता ह्या नकोत." पुन्हा प्लास्टिक आलं.

तू एका घोंगडीचा कोपरा उचललास. हुंगलास. मग जिभेला लावलास. मी तुझ्यासमोर उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. तू म्हणालीस, "खारट हाय. माजाच हात सुटला मंदे, मीठ जास्त पडलं."

तेव्हा मला कळलं. त्याच आठवड्यात खात्रीही करून घेतली. बहिणीच्या शेजारी एक म्हातारा आहे, जन्म मिठागरात गेलेला. त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अगो बाय, वरचा पानी गोर, तलाचा खारा. भरती खालून शिरते. आन् अवसेचं उधान होतं ना तवा!" मी वरचं पाणी चाखलं आणि पोती तळाला सोडली. त्या लोकरीला मी रात्रभर समुद्र पाजला होता.

घरी येताना ठरवलं होतं, सांगायचं. गोठ्यात आले तर तू माग सोडवत होतीस. सुटे भाग दोरीने बांधून कोपऱ्यात उभे केले होतेस. म्हणालीस, "देवाच्या अंगावरचं इटाळलं माज्या हातानं. आता ह्यो हात मागाला लावायचा न्हाई." त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. कुंडलिका का नाही, तर रोहा का नाही, रोहा का नाही, तर विहीण, आणि विहीण तर काय म्हणाली होती, जे ऐकून तू हसली होतीस आणि मी नव्हते. मी म्हटलं, "होतं गो असं कधी कधी." आणि चहा टाकायला गेले.

चार वर्षं, हौसा. चार वर्षं रोज संध्याकाळी तू माझ्या ओट्यावर यायचीस. आपण टीव्ही पाहिला, सांडगे घातले, लोकांच्या सुनांना नावं ठेवली. एकदाही विषय निघाला नाही. मला वाटलं, विसरलीस. माणूस स्वतःच्या सोयीने किती हुशार होतो बघ.

काल तुझी काशी गोठा आवरत होती. तुझी लेक तुझ्यासारखीच, हात थांबत नाही तिचा. तिने आतून हाक मारली, "मावशी, ह्ये काय हाय?" पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत सुताच्या लडी. लहान लहान, बोटभर लांबीच्या. प्रत्येकीला खळ दिलेली, प्रत्येकीला गाठी मारलेल्या. एकीला पाच गाठी, एकीला चार, एकीला तीन. मला पाहिल्याबरोबर कळलं. त्या गाठी म्हणजे मिठाच्या चिमटी होत्या. तू शेवटच्या उरलेल्या पोत्यातली लोकर कातायचीस, खळ शिजवायचीस, मीठ कमी कमी करत जायचीस आणि बघायचीस, कुठल्या मापाला हात सुटला. दर फाल्गुनात माझ्याकडून ओंजळभर चिंचोके न्यायचीस. मी विचारलं, कशाला, तर म्हणायचीस, दात हायती तवर चघळते.

काशीने एक लड दाबली. "मावशी, समद्याच अशा ओलसर का?"

सगळ्याच ओल्या होत्या. बिनगाठीच्यासुद्धा. बिनगाठीच्या तर सगळ्यात जास्त होत्या, चाळीसेक असतील. मीठ अजिबात न टाकता तू पुन्हा पुन्हा करून पाहिलंस आणि पुन्हा पुन्हा त्या ओल्या झाल्या, कारण मीठ खळीत नव्हतंच, लोकरीत होतं. तू खळ तपासलीस, चिंचोके तपासलेस, स्वतःचा हात तपासलास. पाणी तेवढं तपासलं नाहीस, कारण पाण्याचं मी सांगितलं होतं.

काशी म्हणाली, "आई फोनवर सारकी म्हनायची, माज्या हातातच खार उतरलाय गं आता. आमाला वाटायचं, म्हातारपनाचं बोलती."

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. खाडी, दगड, ओंजळ, उधाण. स्टेशन आणि विहीणही सांगितली, आणि विहिणीचा तो शब्दही तसाच्या तसा उच्चारला. काशीकडे न बघता सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या देईल. तुझी लेक आहे, तिला येतात. मी खांदे आवळून वाट पाहत होते, अंगणवाडीतलं पोर बाईंच्या छडीची पाहतं तशी.

तिने फोन काढला, देशावर भावाला लावला, आणि माझ्यादेखत मोठ्याने म्हणाली, "दादा, आईचा हात चांगला हुता. व्हय. खळ बराबर हुती, पानी खारं हुतं. आईचा हात चांगला हुता." पलीकडे तो काय बोलला ऐकू आलं नाही, पण ही रडत होती आणि हसत होती. मग तुझ्या बहिणीला लावला. मग चुलतीला. प्रत्येकीला तेवढंच सांगत होती. पाणी कोणी आणलं, का आणलं, कोणी विचारत नव्हतं. माझ्या पापात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त तुझा हात हवा होता, तो त्यांना मिळाला.

तिसऱ्या फोनला मी उठून बाहेर आले. एवढंच सांगायचं होतं, हौसा. चार वर्षं तू जे शोधत होतीस ते एका दमात सांगून होतं, आणि ऐकणारी जिवंत असताना सांगितलं असतं तर आज गोठ्यात माग चालू असता.